लिनक्सवर गेम चालतात, मग अडते कुठे?

गेल्या अंकात जुन्या संगणकावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट संगणकप्रणाली) बसवण्याविषयी उत्तर देताना ‘गेम खेळणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा’ असे एक वाक्य मी जाता जाता लिहून गेलो होतो. मूळ उत्तराबद्दल दोन पत्रे आली आणि या एका वाक्याबद्दल टेबलावर गठ्ठा जमला. त्यातली काही पत्रे रागाची आहेत, काही काळजीची आहेत आणि एक तर चक्क तक्रारीचे आहे. सगळ्यांना वेगवेगळे उत्तर देणे शक्य नसल्याने या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझ्या संगणकात सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ हा संगणक स्वीकारत नाही. नव्या संगणकासाठी घरून पैसे मिळणार नाहीत. मी बहुतेक एकट्याने खेळायचे गेम खेळतो. लिनक्सवर गेलो तर ते चालतील का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘एकट्याने खेळायचे’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि केवळ त्यांच्यामुळेच मला आढेवेढे न घेता ‘होय, बहुतेक सगळे चालतील’ असे लिहिता येते. हे शब्द नसते तर उत्तर वेगळे झाले असते. त्याचे कारण विट्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात सापडेल.

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय अशा अटी घातल्या असल्याने तुमचा संगणक एका पिढीने हुकला. तो मंद झाला म्हणून बाद झालेला नाही, यादीत बसला नाही म्हणून बाद झाला आहे. असे धडधाकट संगणक लोक भंगाराच्या भावात देऊ लागले की जिवावर येते, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

आता कामाचे. विंडोज लगेच पुसू नका. एक छोटी एसएसडी वेगळी घेऊन तिच्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती बसवा, म्हणजे अडचण आलीच तर परतीची वाट उघडी राहील. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर निवडा. तुमच्या कार्डाच्या पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका असल्याचे कंपनीने जाहीर केलेले आहे, त्यामुळे त्याहून नवा क्रमांक दिसला तरी मोहात पडू नका. त्यानंतर स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान बसवून त्याच्या सेटिंगमधील कम्पॅटिबिलिटी या भागात जा आणि सगळ्या गेमसाठी प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीममधलीच सोय) वापरण्याची परवानगी तपासून घ्या. एखादा गेम विकत घेण्यापूर्वी प्रोटॉन-डीबी या संकेतस्थळावर त्याचे नाव टाकून इतर खेळाडूंचा अनुभव वाचावा; तिथे खेळाडूच प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशा श्रेणी ठरवतात आणि अडचण आली तर त्यावरचा उपायही बहुधा तिथेच कोणीतरी लिहून ठेवलेला असतो. रॅम ८ वरून १६ जीबी केलीत तर लिनक्समुळे झालेल्या फरकापेक्षा त्याचा फरक अधिक जाणवेल.

एका खड्ड्याबद्दल मात्र सावध करतो, कारण मी स्वतः त्यात पडलो आहे. माझ्या भाच्याच्या संगणकावर लिनक्स बसवले तेव्हा ‘एवढे ६० जीबी पुन्हा कशाला उतरवायचे’ असा शहाणा विचार करून आम्ही गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर होता तसाच ठेवला. लिनक्सला तो ड्राइव्ह दिसत होता, स्टीमने गेम ओळखलाही. पण हिरवे ‘प्ले’ बटण दाबले की ते निळे व्हायचे, दोन-तीन सेकंद काहीतरी चालल्यासारखे वाटायचे आणि बटण पुन्हा हिरवे. काय चुकले ते सांगणारा संदेश नाही, आवाज नाही, काही नाही. दोन संध्याकाळी गेल्या. ड्रायव्हर बदलून पाहिला, प्रोटॉनच्या तीन आवृत्त्या पाहिल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी भाचा शांतपणे म्हणाला, ‘मामा, विंडोजच बरे होते.’

दोष निघाला एका विसर्गासारख्या चिन्हाचा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह तयार करतो आणि त्यात ‘सी’ या अक्षरापुढे दोन टिंबे असलेल्या नावाचा एक दुवा ठेवतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर फाइलच्या नावात ती दोन टिंबे चालत नाहीत. लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीच्या ड्राइव्हवर गेमची प्रत केली आणि पहिल्याच फटक्यात गेम सुरू झाला. सुरू होण्यापूर्वी शेडर (चित्र रंगवण्याच्या सूचना) तयार होत असल्याची पट्टी शंभर टक्क्यांकडे रांगत जाताना दिसेल. तो बिघाड नव्हे. ती पहिल्या वेळी बराच वेळ खाते, पुढे नाही.

प्रश्न : मला गेममधले काहीही कळत नाही, परंतु नातवाच्या तोंडून ऐकून एक कोडे पडले आहे. लिनक्स फुकट आहे, त्याच्यावर मोठमोठे सर्व्हर चालतात, म्हणजे ते कच्चेही नाही. असे असून गेमच्या बाबतीत ते तीस वर्षे मागे का राहिले? फुकट आणि चांगली वस्तू पडून राहते, हे व्यवहाराला धरून वाटत नाही.
— निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, आपला प्रश्न गेमचा नसून बाजारपेठेचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याला घरापासून फार दूर शोधावे लागणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद केवळ कृष्णाकाठच्या शेतांतून येत नाही. ती कर्नाटकातून येते, मराठवाड्यातून येते, पार तेलंगणातूनही येते. वाटेत दुसरे बाजार नसतात असे नाही. इथे खरेदीदार आहेत म्हणून शेतकरी येतो आणि इथे माल येतो म्हणून खरेदीदार येतो. उद्या कोणी शेजारच्या तालुक्यात गाळे बांधून ते बिनभाड्याने दिले, अडतही माफ केली, तरी पहिल्या शेतकऱ्याने आपली गाडी तिकडे का वळवावी? गाळा फुकट असून काय उपयोग, सौद्याला माणूसच नसेल तर! लिनक्स हे असे बिनभाड्याचे गाळे होते.

सुरुवातीला लिनक्सकडे मालच नव्हता, असे नाही. ‘डूम’ हा गाजलेला गेम मुळात डॉसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजआधीच्या प्रणालीवर, आला आणि १९९४ मध्येच त्याची लिनक्सवरची आवृत्ती तयार झाली होती. ती आयडी सॉफ्टवेअर या कंपनीतल्या डेव्ह टेलर यांनी केली. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले तेव्हा मायक्रोसॉफ्टला हीच भीती होती की गेम बनवणारे डॉस सोडून आपल्याकडे येणारच नाहीत. त्यावर कंपनीने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ‘डूम’ विंडोजवर स्वतः आणून दाखवला, आणि दुसरी म्हणजे डायरेक्ट-एक्स नावाचा संच तयार केला. तोपर्यंत गेम लिहिणाऱ्याला प्रत्येक साउंड कार्डाची आणि ग्राफिक्स कार्डाची तऱ्हा वेगळी सांभाळावी लागे. डायरेक्ट-एक्समुळे चित्र, आवाज, जॉयस्टिक हे सगळे एकाच भाषेत सांगता येऊ लागले. सोय खरोखरच मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. फक्त ती भाषा विंडोजलाच कळत होती. ओपन-जीएल ही सर्वांना खुली भाषा उपलब्ध होती, पण ती केवळ चित्रांपुरती. एकदा गेम डायरेक्ट-एक्समध्ये लिहिला की तो विंडोजचा झाला.

प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९९८ मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. विंडोजवरचे गाजलेले गेम रीतसर परवानगी घेऊन लिनक्ससाठी पुन्हा बांधायचे आणि खोक्यात घालून विकायचे, हा तिचा धंदा. माणसे हुशार, काम चोख. अडचण गिऱ्हाइकाची होती. लिनक्सची आवृत्ती निघेपर्यंत विंडोजचा गेम बाजारात जुना होऊन स्वस्त झालेला असे, आणि लिनक्स वापरणाऱ्या गेमवेड्या माणसाच्या त्याच संगणकात बहुधा दुसऱ्या कप्प्यात विंडोजही असेच. थांबणार कोण आणि दुसऱ्यांदा पैसे देणार कोण? जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी तयार केलेले एसडीएल हे गेममधले चित्र, आवाज, कीबोर्ड हाताळणारे साधन मात्र टिकले आणि आजही असंख्य गेम ते वापरतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली, जी परदेशी लेखकांच्या हिशेबात सहसा येत नाही. त्या काळात कॉलेज कॉर्नरच्या परिसरात किंवा मिरजेत स्टेशन रस्त्याला सायबर कॅफेत गेलेल्या कोणालाही आठवेल की तिथली विंडोज कोणी विकत घेतलेली नसे. मार्कर पेनने नाव लिहिलेली एक सीडी दहा संगणकांवर फिरायची, आणि गेमचेही तसेच. ‘लिनक्स फुकट आहे’ असे कौतुकाने सांगणाऱ्याला ‘मग विंडोजला कुठे पैसे पडतात?’ हा प्रतिप्रश्न ठरलेला असे, आणि त्याला उत्तर नसे. चोरीमुळे मायक्रोसॉफ्टचा महसूल बुडाला असेल, पण स्वस्तपणा हे प्रतिस्पर्ध्याचे एकमेव शस्त्रही त्याच चोरीने बोथट केले. एका अख्ख्या पिढीचा हात विंडोजवरच बसला.

बाजार हलू लागला तो शेतकऱ्यामुळे नव्हे, तर एका मोठ्या अडत्याला भीती वाटल्यामुळे. स्टीम हे गेम विकणारे दुकान वॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये सुरू केले. २०१२ मध्ये विंडोज ८ येऊ घातले आणि त्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान आत बसवलेले असणार होते. वॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी त्या वर्षी विंडोज ८ म्हणजे संगणक व्यवसायावरचे संकट असल्याचे जाहीरपणे म्हटले. ज्या यार्डात आपला गाळा आहे त्या यार्डाचा मालकच धान्याचे दुकान थाटू लागला तर कोणाची झोप उडणार नाही! गंमत अशी की हेच न्यूवेल पूर्वी तेरा वर्षे मायक्रोसॉफ्टमध्ये होते आणि ‘डूम’ विंडोजवर आणण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले होते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये वॉल्व्हने आपला ‘लेफ्ट फोर डेड २’ हा गेम लिनक्सवर चालवून आकडे प्रसिद्ध केले होते: एकाच यंत्रावर विंडोज ७ मध्ये सेकंदाला सुमारे २७० चित्रे, तर लिनक्समध्ये ३१५. क्षमतेचा वाद खरे तर तेव्हाच मिटायला हरकत नव्हती. २०१५ च्या नोव्हेंबरात लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन नावाची तयार यंत्रे बाजारात आली आणि पडली. वेगवान गाळा होता, सौद्याला माल नव्हता. आपले हळदीचे कोडे तिथे पुन्हा उभे राहिले.

प्रश्न : प्रोटॉन म्हणजे एम्युलेटर आहे का? विंडोजची नक्कल करून गेम चालवायचा म्हणजे गती निम्मी होणारच, असे आमच्या वर्गात सगळे म्हणतात. मग काही गेम लिनक्सवर अधिक वेगाने चालतात असे जे सांगितले जाते, ते खरे मानायचे का?
— संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : एम्युलेटर नव्हे, दुभाषी म्हणा. अथणीकडचा एखादा कन्नड शेतकरी माल घेऊन सांगलीत आला आणि त्याला मराठी येत नसेल, तर त्याच्यासाठी कोणी यार्डात अख्खी अथणी उभारत नाही. दुकानातला दोन्ही भाषा येणारा एखादा दिवाणजी पुढे होतो आणि शेतकऱ्याचे बोलणे व्यापाऱ्याला सांगतो. पोती तीच, वजनकाटा तोच. एम्युलेटर म्हणजे अख्खी अथणी उभारणे. प्रोटॉन तसे करत नाही, कारण तशी गरजच नसते: गेममधील बहुतांश सूचना थेट प्रोसेसरला दिलेल्या असतात आणि तो प्रोसेसर विंडोजखाली असो वा लिनक्सखाली, त्या सूचना जशाच्या तशा पाळतो. भाषांतर लागते ते ‘ही फाइल उघड’, ‘ही खिडकी दाखव’, ‘हा त्रिकोण रंगव’ अशा, विंडोजला उद्देशून केलेल्या विनंत्यांचेच.

या दुभाष्याचे शिक्षण मात्र फार लांबले. प्रोटॉनचा गाभा असलेला वाइन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० ही आवृत्ती निघाली २००८ मध्ये. पंधरा वर्षे! विंडोज नेमके काय उत्तर देते हे मूळ कोड न पाहता, बाहेरून ताडून ते नव्याने लिहायचे, असे ते काम होते. तरीही डायरेक्ट-एक्सची अवघड वाक्ये ओपन-जीएलमध्ये सांगताना त्याची दमछाक व्हायची. २०१६ च्या फेब्रुवारीत वल्कन ही नवी, ग्राफिक्स कार्डाच्या अधिक जवळून बोलणारी खुली भाषा आली आणि चित्र बदलले. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरला ‘निअर : ऑटोमॅटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. तो धड चालेना, तेव्हा त्याने डायरेक्ट-एक्सचे थेट वल्कनमध्ये भाषांतर करणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले. वॉल्व्हने त्याला लवकरच हाताशी धरले आणि वाइन, डीएक्सव्हीके व इतर तुकडे एकत्र बांधून २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन जाहीर केले. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत फक्त २७ गेम होते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातले खरे वळण हेच आहे, आणि ते तांत्रिक नाही. तोवर लिनक्सची मंडळी प्रत्येक कंपनीच्या दारात जाऊन ‘आमच्यासाठीही एक आवृत्ती काढा’ अशी विनवणी करत होती आणि कंपन्या एक-दोन टक्के गिऱ्हाइकांसाठी तो खटाटोप करायला तयार नव्हत्या. प्रोटॉनने विचारणेच सोडून दिले. तुम्ही विंडोजसाठीच लिहा, आम्ही समजून घेऊ. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र ग्राहकांच्या हाती पडू लागले, तेव्हा त्यात लिनक्स आहे हे अनेक खेळाडूंना ठाऊकही नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

गतीबद्दल बोलायचे तर भाषांतराला थोडा खर्च पडतोच. परंतु विंडोजच्या पार्श्वभूमीला चालणारी इतर कामे लिनक्समध्ये नसतात, आणि एएमडीच्या कार्डांसाठीचे खुले ड्रायव्हर आता उत्कृष्ट झाले आहेत, त्यामुळे काही गेममध्ये तो खर्च भरून निघतो. कधी दुभाषी बोलणाऱ्याची चूकही सावरून घेतो. ‘एल्डन रिंग’ हा गेम २०२२ मध्ये आला तेव्हा विंडोजवर तो मध्येच अडखळत होता. वॉल्व्हच्या लोकांनी भाषांतराच्या थरातच सुधारणा करून स्टीम डेकवरचे ते अडखळणे बरेच कमी केले. मूळ गेमला हातही लावला नाही. वर्गातल्या मंडळींना एवढे उदाहरण पुरे होईल. एनव्हिडियाच्या कार्डांवर मात्र, विशेषतः डायरेक्ट-एक्स १२ च्या गेममध्ये, विंडोजच पुढे राहिल्याचे अनेकदा दिसते.

प्रश्न : माझे दहा संगणकांचे गेमिंग पार्लर आहे. मुले व्हॅलोरंट, जीटीए ऑनलाइन आणि फोर्टनाइट खेळायला येतात. दहा विंडोजच्या परवान्यांचा खर्च वाचवण्यासाठी सगळीकडे लिनक्स टाकावे असे एका मुलाने सुचवले. काय करावे?
— पार्लरचालक, विटा

उत्तर : टाकू नका. तुम्ही नावे लिहिलेल्या तीनही गेमपैकी एकही लिनक्सवर ऑनलाइन खेळता येत नाही, आणि तो न चालण्यामागे भाषांतराची कमतरता हे कारण नाही.

व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, संगणक सुरू होतानाच जाऊन बसतो आणि कोणी फसवेगिरीचे सॉफ्टवेअर चालवते आहे का ते पाहतो. प्रोटॉन दारातल्या विनंत्यांचे भाषांतर करतो; आतली खोली तर लिनक्सची असते, तिथे विंडोजचा पहारेकरी बसणार कसा? शिवाय लिनक्सचे कर्नल कोणालाही बदलून पुन्हा बांधता येते. जे स्वातंत्र्य आम्हा लोकांना अभिमानाचे वाटते तेच गेम कंपनीला धोक्याचे वाटते, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

पण सगळे पहारेकरी असे नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटल-आय या दोन प्रमुख व्यवस्था २०२१ पासून प्रोटॉनखाली चालू शकतात. अट एवढीच की गेमच्या कंपनीने तशी परवानगी द्यायला हवी. ‘एल्डन रिंग’च्या कंपनीने ती दिली. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटल-आय आले आणि परवानगी दिली गेली नाही, त्यामुळे तोवर लिनक्सवर खेळणारे खेळाडू एका दिवसात बाहेर पडले. एपेक्स लेजेंड्स हा गेम तर लिनक्सवर चालतच होता. फसवेगिरी करणारे लिनक्सचा आडोसा घेतात असे कारण देऊन कंपनीने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी ते दार बंद केले. फोर्टनाइट ज्या एपिक कंपनीचा, ईझी अँटी-चीटही तिचेच. तरी तिने आपल्याच गेमला परवानगी दिलेली नाही. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे वाक्य आता जुने झाले आहे. ‘काही गेम चालू दिले जात नाहीत’ हे आजचे वाक्य आहे. या दुसऱ्या अडथळ्यावर प्रोग्रामरची हुशारी उपयोगाची नाही, कारण कुलूप तोडले की तीच फसवेगिरी ठरते.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे वॉल्व्हचे स्वतःचे गेम लिनक्सवर थेट चालतात. मुलांना त्यांची गोडी असेल तर दहापैकी एका संगणकावर प्रयोग करून पाहा, बाकीच्या नऊंना हात लावू नका. तुमच्याकडे तासावर पैसे देऊन बसलेल्या मुलाला ‘परवानगी नाही’ असा संदेश दिसला तर तो कंपनीला नव्हे, तुम्हाला बोलणार.

प्रश्न : बारावीच्या वर्षात मुलाने गेम खेळू नये म्हणून मी गेल्या वर्षी तुमच्याच सदरातील माहितीवरून घरच्या संगणकावर लिनक्स टाकून घेतले. आता तो त्याच्यावरही गेम खेळताना दिसतो. ही जबाबदारी कोणाची?
— एक वडील, तासगाव

उत्तर : अंशतः माझी, हे कबूल करतो. चिरंजीवांनी कोणाच्या मदतीशिवाय हे जमवले असेल तर त्यांना एखादा ड्रायव्हर बसवणे, कमांड लिहिणे आणि इंग्रजीतील सूचना वाचणे नक्की आले असणार; एवढे मी बचावासाठी मांडतो. बाकीचे आपण घरात बोलून घ्यावे. संगणकाच्या हातून हे काम होणार नाही.

प्रश्न : स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ३ टक्क्यांवर गेल्याचे वाचले. ही जिंकण्याची सुरुवात समजावी का? मी गोडो या गेम बनवण्याच्या साधनात एक छोटा गेम बनवतो आहे. त्याची लिनक्सची वेगळी आवृत्ती काढावी का?
— हौशी गेमनिर्माता, पलूस

उत्तर : आकडा बरोबर आहे. ऑक्टोबर २०२५ च्या पाहणीत लिनक्सने पहिल्यांदा ३ टक्क्यांची रेषा ओलांडली; विंडोज त्या वेळी सुमारे ९५ टक्क्यांवर होते. बरीच वर्षे जो आकडा एक टक्क्याच्या आसपास घुटमळत होता त्याच्या दृष्टीने ही वाढ मोठी आहे. स्टीम डेक आणि विंडोज १० चा निरोप या दोन्हींचा त्यात हात असावा असे मला वाटते. जिंकण्याची भाषा मात्र मी करणार नाही. हा सारा डोलारा वॉल्व्ह या एका खासगी कंपनीच्या पैशावर उभा आहे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या भाषेतच बोलून तो उभा राहिला आहे. उद्या मायक्रोसॉफ्टने ती भाषा बदलली की दुभाष्याला पुन्हा शिकायला बसावे लागेल. शिवाय प्रोटॉन जितका चांगला होईल तितकी लिनक्ससाठी वेगळा गेम बांधण्याची गरज कमी होईल. लिनक्सवर गेम वाढले, लिनक्सचे गेम कदाचित घटतील. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉल्व्हने नव्या स्टीम मशीनची घोषणा केली. नाव तेच जुने आहे, पण या वेळी गाळ्यात माल आहे.

तुमच्या गेमविषयी. गोडोमधून विंडोजची आणि लिनक्सची अशा दोन्ही आवृत्त्या काढणे काही मिनिटांचे काम आहे, त्यामुळे काढायला हरकत नाही. पण काढलेली आवृत्ती सांभाळावी लागते. लिनक्सची मिंटसारखी वेगवेगळी वितरणे आपापल्या लायब्ऱ्या (गेम ज्यांवर विसंबतो ते तयार कोड) बदलत राहतात आणि पाच वर्षांपूर्वी बांधलेला लिनक्सचा गेम आज रुसून बसतो, तर त्याच वयाचा विंडोजचा गेम प्रोटॉनखाली बिनतक्रार चालतो. लिनक्सवरची सर्वांत स्थिर व्यवस्था विंडोजचीच आहे, असा विनोद प्रोग्रामर मंडळींत त्यामुळेच चालतो. तुम्ही एकटे असाल तर विंडोजची एकच आवृत्ती काढा आणि ती प्रोटॉनवर नीट तपासा. मराठी मजकूर असेल तर फॉन्ट गेमच्या आतच भरा. संगणकातल्या फॉन्टवर विसंबलात तर दुसऱ्या यंत्रावर जोडाक्षरे तुटलेली दिसतील. आणि सेव्ह केलेला खेळ कुठे लिहायचा ती जागा गोडोच्या स्वतःच्या ‘यूझर’ मार्गानेच ठरवा, थेट सी ड्राइव्हचा पत्ता कोडमध्ये लिहू नका.

तपासायला यंत्र नसेल तर गेमची प्रत संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. भाच्याची परीक्षा महिनाअखेरीस संपते. त्यानंतर आम्ही चालवून पाहू आणि अडखळला तर कुठे, ते कळवू.